झटका आपला, श्रेय सलाईनचं

ईसीजी नॉर्मल आला की बरोबर आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर जी सुटका पसरते, तिची मला मनापासून चीड आहे. डॉक्टर ती चौकटींची पट्टी हातात धरून म्हणतात, "काही झालेलं नाही." नवरा म्हणतो, "बघ, मी सांगत होतो." दीर बाहेर जाऊन फोनवर सगळ्यांना कळवतो, "काही नाही हो, गॅस होता." आणि कॉटवरची बाई? तासाभरापूर्वी तिची नाडी एकशेतीसने पळत होती, बोटं वाकडी झाली होती, ओठ बधिर पडले होते, ब्लाऊज घामाने पाठीला चिकटला होता. आता तिने, आपल्याला काहीच झालं नव्हतं हे मान्य करून, कॉटखालच्या चपला शोधायच्या असतात.

ईसीजी एका प्रश्नाचं उत्तर देतो. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का, ठोक्यांची लय बिघडली आहे का? उत्तर "नाही" आलं, आनंद आहे. पण मग ते होतं तरी काय, हा दुसरा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारत नाही. पहिल्या प्रश्नासाठी ट्रोपोनिन, टूडी इको, टीएमटी, चोवीस तासांचं होल्टर असा खर्च करायला सगळे एका पायावर तयार. दुसऱ्याचं उत्तर द्यायला दहा मिनिटं पुरतात, आणि त्याचं पॅकेज अजून कुठल्या हॉस्पिटलने काढलेलं नाही.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण पॅनिक अटॅक ही काय चीज असते ते मी वर्षानुवर्षं भोगलं आहे, आणि त्या काळात भेटलेल्या तमाम सल्लागारांशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. भांडण श्रेयाचं आहे.

हिशेब साधा आहे. पॅनिक अटॅक अचानक चढतो, बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि साधारण अर्ध्या तासात ओसरायला लागतो. कुणी काही केलं तरी ओसरतो, कुणी काहीच केलं नाही तरी ओसरतो. रक्तात सोडलेलं ॲड्रिनलिन काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. नव्याने भर पडली नाही तर लाट टिकत नाही. आता संध्याकाळी घोडबंदर रोडवरून रिक्षाने हॉस्पिटल गाठायला किती वेळ लागतो ते ठाणेकरांना विचारा. केसपेपर निघेपर्यंत लाट उतरणीला लागलेली असते. तेवढ्यात सिस्टर येऊन सलाईन लावते, चार थेंब पडतात आणि बाईला बरं वाटायला लागतं. झालं, सलाईनने वाचवलं! अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, एवढ्या ऐवजावर आमच्याकडे कितीतरी दवाखान्यांची भरभराट झाली आहे. त्यात बी-कॉम्प्लेक्स टाकून बाटली पिवळी केली की पेशंटची श्रद्धा दुणावते.

सलाईनच्या मागे रांग मोठी आहे. सोड्याची पुडी घेतली, ढेकर आली, बरं वाटलं, म्हणजे गॅस होता. भराभर श्वास घेताना माणूस हवा गिळतो आणि गिळलेली हवा ढेकरेवाटे बाहेर पडते, हे कोण सांगणार? सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, तडतडल्या, बरं वाटलं, म्हणजे दृष्ट होती. शेजारच्या वहिनींनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं, बरं वाटलं, म्हणजे बीपी लो झालं होतं. त्या क्षणी कुणी मोजलं असतं तर ते बहुधा वर गेलेलं सापडलं असतं. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारं हार्ट अटॅकचं किट पर्समध्ये बाळगणाऱ्या शहाण्या मावशी जिभेखाली सॉर्बिट्रेट सरकवतात. ती रक्तवाहिन्या सैल करते, बीपी उतरवते, डोकं ठणकवते आणि उतरलेलं बीपी सावरायला हृदय आणखी जोरात धावतं. धडधडीला घाबरलेल्या बाईला धडधड वाढवणारी गोळी! तरीही अर्ध्या तासाने बरं वाटतंच, आणि मावशी पुढची पाच वर्षं सांगत राहतात की मी होते म्हणून ही वाचली.

कुणी शेजारी बसून नुसते एकोणतीसपर्यंतचे पाढे म्हटले असते तरी अटॅक तेवढ्याच वेळात उतरला असता.

ही चोरी निरुपद्रवी असती तर मी लिहायला बसले नसते. गोची अशी की पेशंटलाही ती खरी वाटते. मरता मरता वाचले, ते अमक्यामुळे, अशी तिच्या मनात नोंद होते. मग अमकं जवळ हवंच. पर्समध्ये गोळी, हातात पाण्याची बाटली, फोन पूर्ण चार्ज. फास्ट लोकल बंद. स्लो पकडायची, कारण दर दोन-चार मिनिटांनी स्टेशन येतं आणि उतरून पळता येतं. डब्यात शिरलं तरी दारापाशी. नाट्यगृहात कडेची खुर्ची. लग्नात मांडवाच्या तोंडाशी. पुढे एकटीने लिफ्ट नको, मग एकटीने बाजार नको. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलं की माणूस जीव वाचवायला जे जे करतो, त्यामुळेच जीव धोक्यात नव्हता हे त्याला कधी कळत नाही. एखादा अटॅक आयुष्यात पुष्कळ लोकांना येऊन जातो. त्याचा आजार होतो तो असा.

आता तो दुसरा प्रश्न. कुणी सांगत नाही तर मीच सांगते.

मेंदूने धोक्याची घंटा वाजवली की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं. धोका खरा आहे का, हे तपासत बसायला ते थांबत नाही. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्येच हे सविस्तर मांडलं आहे, म्हणजे बातमी ताजी नाही. हृदय जोरात चालतं ते मांड्यांना आणि दंडांना रक्त पोचवायला. पाय लटपटतात ते धावण्यासाठी ताणलेले असतात आणि आपण बँकेच्या काउंटरवर बसलेलो असतो म्हणून. तळहात गार पडतात, कारण कातडीकडचं रक्त आत ओढून घेतलेलं असतं. तोंडाला कोरड आणि पोटात गोळा, कारण अशा वेळी पचन हे शरीराच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचं खातं. बाहुल्या मोठ्या होतात, म्हणून ट्यूबलाइट डोळ्यांत घुसते. घाम येतो तो इंजिन तापू नये म्हणून. आणि "आता चक्कर येऊन पडणार" असं शंभरदा वाटूनही बाई पडत नाही, कारण बेशुद्ध पडायला बीपी खाली यावं लागतं आणि इथे ते वर असतं. रक्त किंवा सुई बघून ज्यांची शुद्ध हरपते त्यांची गोष्ट वेगळी.

खरी मेख आहे ती श्वासात. पळताना स्नायू भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि जोराचा श्वास तो बाहेर टाकतो, हिशेब जुळतो. बसल्याजागी जोराचा श्वास घेतला तर तयार होतो त्याहून जास्त वायू बाहेर फेकला जातो. शाळेत आपल्याला हा वायू म्हणजे कचरा असं शिकवलेलं असतं. प्रत्यक्षात रक्ताची आम्लता आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची रुंदी त्याच्यावर अवलंबून असते. तो घटला की त्या वाहिन्या आकसतात. गरगरतं, समोरची माणसं काचेपलीकडची वाटतात, स्वतःचाच आवाज परका लागतो, "वेड लागतंय की काय" ही भीती इथून येते. रक्त थोडं अल्कधर्मी झालं की त्यातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जाऊन चिकटतं, नसा चाळवतात, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, फारच झालं तर बोटं आखडून पंजा वाकडा होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये असा पंजा बघून "लकवा, लकवा" म्हणून आरडाओरडा झाला होता आणि कुणीतरी तेल चोळायला धावलं होतं.

आणि ऑक्सिजन? कोविडमध्ये घरोघरी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल, तो काढून बोटाला लावा. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. गुदमरून मरतेय असं जिला वाटतंय तिच्या रक्तात ऑक्सिजन काठोकाठ भरलेला असतो. मग गुदमरतं का? कारण छाती आधीच फुगलेली असते. आतला श्वास सोडलेलाच नाही, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. घ्यायला जागा कुठे उरली? बरगड्यांमधले, मानेचे, खांद्यांचे स्नायू राबून राबून दुखायला लागतात, आणि ते दुखणं छातीत असल्यामुळे हृदयाच्या नावावर जमा होतं.

आता मला सांगा, अशा बाईला "दीर्घ श्वास घे, खोल श्वास घे" म्हणणाऱ्याचं काय करायचं? लेडीज डब्यात एकीला असं झालं की दहाजणी ओरडतात, "हवा येऊ द्या गं, हवा येऊ द्या," आणि दहाजणी तिच्याभोवती गोल करून ती हवा अडवतात. त्यातली अकरावी "मोठा श्वास घे" म्हणत स्वतः छाती भरून दाखवते. बाई आज्ञाधारकपणे आणखी मोठा घेते, मुंग्या आणखी वाढतात. बायका मनाच्या चांगल्या असतात, चौथी सीट सोडतात, रुमाल ओला करून देतात; त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो पैसे घेऊन श्वास शिकवणाऱ्यांवर. सोसायटीतल्या योगवर्गाच्या एका बाईंनी मला भस्त्रिका सुचवली होती. शांत होण्यासाठी! भात्यासारखा भराभर श्वास म्हणजे मला जे नको होतं ते हातात आणून देणं. इंग्रजी सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावू नका. दुखणं दम्याचं किंवा खरोखरच हृदयाचं निघालं तर आधीच कमी असलेला ऑक्सिजन पिशवीत आणखी घसरतो, आणि त्याने माणसं दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९८९ मध्येच झालेली आहे.

करायचंच असेल तर आधी श्वास सोडा, सावकाश, छाती रिकामी होईपर्यंत. पुढचा नाकाने, लहानसा. एवढं पुरतं. पण तेही "हे केलं नाही तर मी मरेन" म्हणून करायला लागलात तर श्रेयाच्या रांगेत आणखी एक उमेदवार उभा केलात, एवढं लक्षात ठेवा.

"बायकांचे चोचले" म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. हे दुखणं वैद्यकाच्या दप्तरात ठळकपणे आलं ते सैनिकांमुळे. अमेरिकी यादवी युद्धातल्या जवानांना धडधड, धाप, छातीत कळ, चक्कर हे सगळं होत होतं आणि हृदयात दोष सापडत नव्हता, डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. पहिल्या महायुद्धात तीच तक्रार घेऊन ब्रिटिश सैनिक रांगा लावून उभे होते. मिशा होत्या त्यांना.

त्या महायुद्धातल्याच एका सैनिकाने पुढे क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन तरुणीला तिच्या धडधडीचं कोडं उलगडून सांगितलं, की तू धडधडीलाच घाबरते आहेस, म्हणून ती जात नाही. वीक्स पुढे डॉक्टर झाल्या आणि त्यांनी ही गोष्ट दोन भीतींच्या रूपात मांडली. पहिली भीती आपोआप येते, तिच्यावर आपला ताबा नाही. दुसरी आपण घालतो: "अगं बाई, हे काय होतंय, आता काही खरं नाही." पहिलीची लाट उतरत असते, दुसरी तिला नवं ॲड्रिनलिन पुरवते. १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी याचीच शास्त्रीय मांडणी केली. शरीरातल्या साध्या बदलाचा अर्थ "मरण आलं" असा लावला की भीती वाढते, भीतीने बदल वाढतो, की पुन्हा तोच अर्थ. म्हणून संवेदनांचा खुलासा हाच उपचाराचा पहिला भाग आहे. "काही झालेलं नाही" हे वाक्य त्या जागी कुचकामी, कारण काहीतरी झालंय हे बाईला तिचं शरीर ओरडून सांगत असतं आणि शरीर खरं बोलत असतं.

दुसरा भाग कुणाला आवडत नाही. ज्या संवेदनांपासून पळतो त्या मुद्दाम अंगावर ओढवून घ्यायच्या. गोल फिरून चक्कर आणायची, जिने पळत चढून धडधड आणायची, मिनिटभर भराभर श्वास घेऊन मुंग्या आणायच्या, आणि मग काहीही न करता बसून राहायचं. गोळी नाही, पाणी नाही, फोन नाही. श्रेय घ्यायला आसपास कुणीच उरलं नाही की लाट स्वतः उतरते हे शरीराला पहिल्यांदा कळतं. योगवर्गाच्या बाईंची भस्त्रिका इथे उपयोगी पडली असती, पण उलट्या कारणासाठी. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करायचं नाही, आणि सुरुवात जाणकार थेरपिस्टबरोबर केलेली बरी.

मला हे पटलं ते मंगळागौरीत. वयाने साठीच्या आसपास असलेल्या आत्या फुगडी घालत होत्या. धापा टाकत होत्या, चेहरा लाल, घाम, छातीचा भाता, थांबल्यावर तोल जाऊन भिंतीला टेकल्या आणि हसत सुटल्या. धडधड, धाप, चक्कर, घाम, लटपटते पाय: मला जे जे होत होतं त्यातली एक गोष्ट राहिली नव्हती. फरक एवढाच की आत्यांना त्याचं कारण माहीत होतं. मी घरी दार लावून एकटीच गरगर फिरायला लागले. घरच्यांना वाटलं, आता मात्र हिचं पुरतं फिरलं.

दोन गोष्टी सांगायच्या राहतात. पहिली, तपासणी हवीच. छातीत पहिल्यांदा दुखलं, चालताना दुखून थांबल्यावर कमी झालं, कळ जबड्याकडे-हाताकडे गेली, खरोखर शुद्ध हरपली, तर माझा लेख बाजूला ठेवून आधी हॉस्पिटल. विशेषतः बायकांनी, कारण उलटी चूकही आपल्याकडे राजरोस होते. बाईच्या छातीत दुखलं की "टेन्शन घेता तुम्ही" म्हणून घरी पाठवतात आणि कधीकधी तो हार्ट अटॅकच असतो. दुसरी, सोंग आणणारी दुखणी आहेत. थायरॉइड जास्त चालत असेल तर हुबेहूब असंच होतं, रक्त कमी असेल तर जिना चढताना असंच धडधडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. तरीही टूडी इको झालेल्या पण हिमोग्लोबिन आणि टीएसएच कुणी न बघितलेल्या बायका मला भेटतात. स्वस्त तपासणीला मान नाही.

गोळ्यांना माझा विरोध नाही. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम यांसारख्या गोळ्या सावकाश, काही आठवड्यांनी काम करतात, सुरुवातीला थोडी अस्वस्थता वाढवतात, आणि अनेकांना उभं करतात. माझं वैर आहे ते अल्प्राझोलामशी, तेही पॅनिकपुरतं. ती पोटात जाऊन काम सुरू करेपर्यंत अटॅक बहुधा उतरलेला असतो, म्हणजे श्रेयचोरीत तीही सामील. वर सवय लागते ती वेगळीच. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने पॅनिक डिसऑर्डरसाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे २०१४ पासून ती 'एच-वन' यादीत आहे, म्हणजे दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी बघून पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं. आमच्या भागातल्या एका दुकानात ती मला "झोपेची ना, किती देऊ?" एवढ्यावर मिळत असे. त्या वहीत माझं नाव कुणाला सापडलं तर कळवा. मानसोपचारतज्ज्ञ मात्र इतक्या सहज मिळत नाही. देशात लाख माणसांमागे एकही पुरता भरत नाही. सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एवढी कामाची गोष्ट, पण तिचं फॉरवर्ड मला आजवर कुणी पाठवलेलं नाही. हार्ट अटॅकच्या किटचं दर आठवड्याला येतं.

आता मी फास्ट लोकलने जाते, आतल्या सीटवर बसते. अटॅक मधूनच येतो, डोंबिवलीची गाडी जशी कधी वेळेवर, कधी उशिरा येते तसा. येतो आणि जातो. पण माणसं श्रेय घ्यायची थांबलेली नाहीत. योगवर्गाच्या बाई सोसायटीत सांगतात की भस्त्रिकेने फरक पडला. फॅमिली डॉक्टर म्हणतात, व्हिटॅमिनची इंजेक्शनं लागू पडली. सासूबाईंनी तर मला न विचारता नवस बोलला होता आणि मला न विचारताच फेडूनही आल्या. अकरा नारळ, एक खण आणि टॅक्सीभाडं. पैसे माझ्या पगारातून गेले.